साबुदाणा, चौथी सीट आणि सोळावा बार

पत्र:

"मी 51 वर्षांची, ठाण्यात एका शाळेत गणित शिकवते. लहानपणी सहा वर्षं व्हायोलिन शिकले, मग लग्न, नोकरी, मुलं, आणि पेटी माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी ती खाली काढली आणि नौपाड्यातल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात जायला लागले. (सिनेमाच्या गाण्यांचा नाही, पाश्चात्त्य. समोर कागद ठेवून वाजवायचा.) दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असते. आमचे कंडक्टर सर फार विनोदी. 'हळू', 'जोरात' असं सरळ कधी म्हणतच नाहीत. 'साबुदाण्याची खिचडी करा, लगदा नको.' 'सेकंड व्हायोलिन, तुम्ही चौथ्या सीटवर बसलाय.' (सेकंड व्हायोलिन म्हणजे आम्ही, मुख्य चालीला साथ देणाऱ्या.) 'मुलुंड गेलं नाही तोच दारात काय उभे राहता?' 'पुरण कडेपर्यंत जाऊ दे.' ट्रंपेटवाल्यांना तर 'पारसिकचा बोगदा' म्हणतात, का ते देव जाणे. सगळे हसतात. मीही हसते, पण हसून झाल्यावर नक्की काय करायचं ते मला कळत नाही. मी गणिताची बाई, मला 'किती' ते सांगा.

सध्या हायडन या जुन्या संगीतकाराची 94 नंबरची सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) बसवतोय. तिच्या दुसऱ्या भागात सोळाव्या बारला सगळ्यांनी मिळून एकदम मोठा ठोका द्यायचा असतो. मागच्या रविवारी तो मी आठव्या बारला दिला. एकटीने. सर म्हणाले, 'तिसरी घंटा व्हायच्या आधीच नटी रंगमंचावर!' हॉल किती वेळ हसत होता. आता चहाला बसलं की मला सगळे 'नटी' म्हणतात, ग्रुपवरही तेच. आमचे हे म्हणतात, हसण्यावारी ने. सासूबाईंना 'कंडक्टर सगळ्यांसमोर बोलला' एवढंच ऐकू आलं, तर त्या म्हणतात, टीएमटीने (म्हणजे इथल्या बसने) जाऊच नकोस, रिक्षा कर. मी ऑर्केस्ट्रा सोडू का? की मलाच विनोदबुद्धी नाही?"

आठव्या बारवाली, ठाणे

ताई,

आधी सासूबाईंना सांगा, टीएमटीचा यात काही दोष नाही आणि रिक्षा महाग पडेल.

आता तुमचा आठवा बार. (इतर वाचकांसाठी: बार म्हणजे पाश्चात्त्य लिपीत दोन उभ्या रेघांमधला कप्पा, आपल्या तालातल्या विभागासारखा. घोडबंदर रोडवरचे बार वेगळे.) हायडनने तिथे सापळाच लावलेला आहे. आठ बारांची साधीशी चाल, लहान मूलही गुणगुणेल अशी, हळू आवाजात. मग तीच चाल पुन्हा, त्याहून हळू. आणि ती संपता संपता, सोळाव्या बारला, सगळा वाद्यवृंद टिंपनीच्या नगाऱ्यांसकट अंगावर येतो. म्हणून तर ही सिम्फनी 'सरप्राइज' या नावाने ओळखली जाते. 1792 च्या मार्चमध्ये लंडनच्या श्रोत्यांना दचकवण्यासाठी ठेवलेल्या सापळ्यात सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी नौपाड्याची सेकंड व्हायोलिन सापडली, एवढंच झालं. ठोका येणार हे श्रोत्यांना माहीत नसतं, वाजवणाऱ्यांना माहीत असतं, त्यामुळे तालमीत खरी धाकधूक वाजवणाऱ्यांनाच. पहिले आठ बार संपले की हात शिवशिवतात. तुमचा सुटला. आठ दुणे सोळा तुम्ही शिकवता, पण हात कुठे शाळेत आला होता?

मी स्वतः बरीच वर्षं अशाच एका हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुरांची बहीण) वाजवला, तेव्हा चौथ्या सीटचा मला दांडगा अनुभव आहे. आमचे सर मात्र उपमा अजिबात देत नसत. ते अगदी तुम्हाला हवे तसे होते. आकडे द्यायचे. (गज म्हणजे तारांवर फिरवायची काठी, तुमच्याकडे बो म्हणत असतील.) "बार 23, व्हायोला, गजाचा खालचा एक तृतीयांश. बार 41, मधला भाग, आवाज याच्या निम्मा." मी सगळं पेन्सिलीने लिहून घ्यायचे आणि मला फार शहाण्यासारखं वाटायचं. कार्यक्रमाच्या दिवशी दिवे लागले, समोर माणसं बसली, सरांनी डावा हात खाली दाबला, आणि आम्हा कोणालाच आठवेना की हा 23 चा हात की 41 चा. चौघी व्हायोलावाल्या, चार प्रकारे वाजलो.

तेव्हापासून माझं मत पालटलं. अख्ख्या रंगमंचावर कंडक्टर हा एकच माणूस असा असतो की ज्याच्याकडून काही आवाज निघत नाही. तालमीत निदान तोंड तरी चालतं. कार्यक्रमात तेही बंद, उरतात दोन हात आणि भुवया. तुमचे सर दर रविवारी जे बोलतात ते त्या संध्याकाळसाठी साठवून ठेवणं चाललेलं असतं. त्या दिवशी ते नुसती दोन बोटं अशी चिमटीत धरतील, साबुदाण्याचा दाणा उचलल्यासारखी, आणि सगळ्यांना एका क्षणात खिचडी आठवेल. "गजाचा मधला भाग, प्रत्येक सुरानंतर थांबा, पण सूर कोरडा नको" एवढं सगळं चिमटीत मावणार नाही. खिचडी मावते.

वेळेचाही हिशेब करा, तुमच्या विषयातला आहे. दोन तासांची तालीम म्हणजे 120 मिनिटं. सूर लावण्यात दहा जातात (सगळे ज्याच्या सुराला सूर लावतात तो ओबो असला आणि वेळेवर आला तर), चहाला पंधरा म्हणता म्हणता वीस, कागद ठेवायचे स्टँड मांडायला आणि आवरायला आणखी दहा. उरली 80. त्यात "गज असा धरा" म्हटलं तर बासरीवाले रिकामे बसणार, "श्वास असा सोडा" म्हटलं तर व्हायोलिनवाल्या मोबाइल काढणार. "कडेपर्यंत पुरण" हे मात्र गजालाही लागू पडतं आणि फुंकरीलाही. प्रत्येकाने आपापल्या वाद्यावर त्याचा अर्थ लावायचा.

आणि तुम्हाला वाटतं तसं कागदावर सगळं मोजूनमापून असतं असंही नाही. तुमच्या त्या दुसऱ्या भागावर वर काय लिहिलंय बघा. 'आंदान्ते'. इटालियनमध्ये त्याचा अर्थ चालत, चालीचालीने. आता चालायचं म्हणजे कसं? तलावपाळीला रात्री जेवून आइस्क्रीम खात चालतात तसं, की डॉक्टरांनी शुगर सांगितल्यावर पहाटे चालतात तसं? दोन्ही चालणंच, पण लय वेगळी. हे ठरवायला कंडक्टर लागतो. 'रुबाटो' म्हणजे चोरलेला. 'क्रेशेंडो' म्हणजे वाढत जाणारा. आपल्याकडेही तेच. रागाचं चलन, पकड, बंदिशीचा मुखडा, तबल्याचं मैदान आणि शाई. कधीतरी कोणा गुरूने शिष्याला समजावताना हे शब्द पहिल्यांदा वापरले असतील, तेव्हा ती उपमाच होती. वापरून वापरून तिची परिभाषा झाली, आणि आता परीक्षेत त्यांच्या व्याख्या विचारतात.

तरी तुमचा 'किती' हा प्रश्न रास्त आहे. उपमा ऐकली की ती लगेच हातात उतरवायची असते, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. प्रत्येक उपमेला गजाचे तीन प्रश्न विचारा: किती लांब, कुठल्या भागात, किती वजन.

साबुदाणा म्हणजे स्टॅकाटो, सुराच्या डोक्यावर किंवा पायाशी टिंब असतं ते. गजाच्या मधल्या भागात, बोटभर लांबीचा, तारेवरून न उचलता प्रत्येक सुरानंतर थांबवायचा. खिचडीत दाणा सुटा असतो पण कच्चा नसतो, हे विसरू नका. आखूड सुरालाही सूर असतो, नुसती टकटक नको. बघा, सर "तोडून वाजवा" म्हणाले असते तर हा कच्चेपणाचा मुद्दा निसटला असता.

पुरणाचं मात्र मी जरा सविस्तर सांगते, कारण हौशी ऑर्केस्ट्रांचा हा जुना आजार आहे. चार मात्रांचा लांब सूर आला की आपण पहिल्याच मात्रेत अर्धा गज उधळतो. मग टोकाशी गज संपत येतो, वजन जातं, आणि सूर साडेतीन मात्रांवरच मरतो. पोळीच्या मध्यभागी पुरणाचा गोळा आणि कडेला नुसतं पीठ. तुम्हाला आकडा हवा ना? मात्रेला पाव गज. घरी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर करून बघा, चार सेकंदांत एक गज, प्रत्येक सेकंदाला पावच. पहिल्यांदा दुसऱ्या सेकंदालाच संपेल. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलंत की पुरण कडेला पोचायला लागेल. टोकाकडे गज हलका होत जातो, तिथे तर्जनीने जरासं वजन घालावं लागतं, नाहीतर कड कच्ची राहते. फार घातलंत तर करकर होते, तेव्हा बेतानेच.

चौथी सीट ही उपमा मला इतकी आवडली की मी ती चोरणार आहे. लोकलमधल्या तीन माणसांच्या बाकावर चौथा टेकतो, तो अर्धा बाहेर असतो, पण तिसऱ्याला ढकलत नाही आणि उठूनही जात नाही. सेकंड व्हायोलिनचा मधला सूर अगदी असाच. गज घोडीपासून (तारा टेकतात ती) थोडा फिंगरबोर्डकडे (डाव्या हाताची बोटं पडतात तिथे), वजन कमी, लांबी शेजारणीपेक्षा जास्त नको. आणि कसोटी सोपी: फर्स्ट व्हायोलिनची चाल तुम्हाला ऐकू येतेय का? येत नसेल तर तुमचं कोपर लागतंय. पण घाबरून वाजवणं सोडूनही देऊ नका. बाकावर रिकामी जागा पटकन दिसते.

मुलुंड म्हणजे लय पळणं. हळू आवाजात ती हमखास पळते, हात आखडला की वेळही आखडतो. मनात प्रत्येक मात्रेचे दोन भाग मोजत राहा, 'एक-आणि-दोन-आणि'. ठाणेकर मुलुंडला, ठाण्याच्या आधीच्या स्टेशनला, उठून दारात जातो याला कारण आहे, नाहीतर उतरायला मिळत नाही. बारच्या रेघेवर तशी गर्दी नसते.

पारसिकच्या बोगद्याचं मलाही नाही कळलं. ट्रंपेटवाल्यांना कळलं असेल तर पुरे.

आणि तुमच्या ठोक्यासाठी एक युक्ती, मोजायची गरजच नाही. दुसऱ्या आठ बारांत चालीला पिझिकाटोची साथ आहे, म्हणजे तुमची तार बोटाने छेडायची. (सेकंड व्हायोलिनचा पिझिकाटो बहुतेक ठिकाणी मंगलाष्टक संपायच्या आधी ज्याच्या त्याच्या सवडीने पडणाऱ्या अक्षतांसारखा असतो. सरांनी ही उपमा अजून दिली नसेल तर माझ्यातर्फे द्या.) ठोका मात्र गजाचा. तेव्हा बोटांनी छेडणं झाल्याशिवाय ठोका येऊच शकत नाही. आठव्या बारला हात शिवशिवला की स्वतःला विचारा, 'बोटं झाली का?' नाही झाली. मग गज जागेवर.

आता 'नटी'.

खरं सांगते, वाचून मीही हसले. वाक्य नेमकं होतं, आणि ठाण्यात गडकरी रंगायतनला नाटकं बघत वाढलेल्या माणसाला तिसऱ्या घंटेची उपमा सुचणं साहजिक आहे. मग तुमचं पुढचं वाक्य वाचलं आणि हसू गेलं. साबुदाणा आवाजाबद्दल होता, नटी तुमच्याबद्दल. पहिल्यात तुम्ही सगळ्यांबरोबर हसता, दुसऱ्यात सगळे तुमच्याकडे बघून हसतात. सरांच्या ते लक्षात आलं नसणार, समोर एवढी माणसं बसलेली असताना सुचलेलं वाक्य गिळून टाकायला फार संयम लागतो. पूर्वी पॅरिसमध्ये लुली नावाचा संगीतकार जमिनीवर जड काठी आपटून ताल द्यायचा. 1687 मध्ये ती त्याच्याच पायावर बसली, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. हल्लीच्या कंडक्टरांच्या हातात हलकी छडी असते, जड काही असलंच तर जिभेवर असतं, आणि ते स्वतःच्या पायावर पडत नाही.

सरांशी बोला. ग्रुपवर नको, चहाच्या वेळी सगळ्यांत नको. तालीम संपून स्टँड घड्या होत असतात ना, तेव्हा त्यांना गाठा. रडकुंडीला येऊन नको, लांबण लावून नको. साधं सांगा: "सर, त्या दिवशीचं वाक्य गमतीचं होतं, पण आता ते माझं नाव होऊन बसलंय आणि रविवारी हॉलमध्ये शिरताना माझ्या पोटात गोळा येतो. चूक झाली तर विभागाला बोला, मला एकटीला नको." माझ्या माहितीत बहुतेक विनोदी माणसं हे ऐकून खरोखर ओशाळतात. आपला विनोद कोणाला लागला हे त्यांना कळलेलंच नसतं, समोरचा हसत असतो ना. तुम्हीही हसलात.

त्याच बोलण्यात हवं तर आणखी एक मागा: "सर, एका जागेला एकच उपमा ठेवाल का?" कारण एकाच जागेला मागच्या रविवारी साबुदाणा आणि या रविवारी अंगणातल्या पावसाचे थेंब असं झालं तर चिमटी केल्यावर निम्मे खिचडी वाजवतील आणि निम्मे पाऊस. ही तक्रार नाही, कामाची सूचना आहे, आणि ती तुमच्याकडून गेली तर त्यांना कळेल की तुम्ही रुसून आला नाहीत, वाजवायला आला आहात. उपमा कळली नाही तर तिथल्या तिथे हात वर करून विचारा, "गजाच्या कुठल्या भागात, सर?" तुमच्यासारख्याच न कळलेल्या चारजणी मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

टोपणनाव सरांनी एकदा उच्चारलं, चालवतायत ते तुमचे सोबती. तेव्हा ते काम सरांवर टाकू नका. ज्या शेजारणीबरोबर तुम्ही एका स्टँडवर वाजवता तिला आधी सांगा, की मला हे नाव आवडत नाही. ती थांबली की पुढची खुर्ची थांबते. आणि कोणी 'नटी' म्हटलं तर हसू नका, रागवूही नका, आपलं नाव सांगा. शाळेत तुम्ही हे शंभरदा केलं असेल, वर्गातल्या कुणाला 'ढब्बू' म्हणणाऱ्या पोराला तुम्ही काय सांगता? तेच.

हे सगळं करूनही सरांनी त्या बोलण्यावरच पुढच्या रविवारी विनोद केला, तर मग सोडायचा विचार करा, मी अडवणार नाही. ठाण्याहून लोकलने अर्ध्यापाऊण तासात बरंच काही गाठता येतं. पण एका आठव्या बारसाठी, आणि तेही तीस-पस्तीस वर्षांनी माळ्यावरून पेटी काढलेली असताना, आत्ता सोडू नका.

विनोदबुद्धीचं म्हणाल, तर सासूबाई आणि टीएमटीचा किस्सा पत्रात लिहिणाऱ्या बाईने तो प्रश्न मला विचारू नये.

या रविवारी जाताना दोन पेन्सिली न्या. एकीने आठव्या बारवर 'बोटं झाली का?' असं लिहा, मोठ्या अक्षरांत. दुसरी शेजारणीला द्या, तिच्याकडे नसणारच.